विश्लेषण : पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल, ॲडिटिव्हची बाटली… ‘ई-२०’वर हा उतारा चालतो का?

‘पेट्रोल ई-२० आहे, एक बाटली टाकू का?’ हा प्रश्न पंपावर किंवा सर्व्हिसिंगच्या वेळी गाडीमालकांच्या कानावर पडू लागला आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशभर सरसकट विकले जाऊ लागले आणि २०२५ च्या पावसाळ्यात त्यावरून समाजमाध्यमांत वादळ उठले. मायलेज घटले, इंजिन धडधडते, रबरी नळ्या खराब होतात, अशा तक्रारींच्या मागोमाग उपायही आले. कोणी इंधन-ॲडिटिव्हची बाटली दर टाकीमागे ओततो, कोणी ऑक्टेन बूस्टर मागवतो, तर कोणी जुन्या स्कूटरच्या आठवणीने पेट्रोलमध्ये थोडे टू-टी ऑइल घालतो. यातले काय उपयोगाचे, काय निरुपयोगी आणि काय थेट नुकसानीचे, याचा हा धांडोळा.

मुळात अडचण काय आहे?

देशात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट जून २०२२ मध्ये गाठले गेले. २० टक्क्यांचे उद्दिष्ट आधी २०३० साठी होते, ते २०२५-२६ वर आणले गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर ई-२० ची विक्री सुरू झाली आणि पुढच्या दोन वर्षांत ते सर्वत्र पोहोचले. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात गाड्यांसाठीही वेळापत्रक होते : एप्रिल २०२३ पासून इंधन यंत्रणेतील साहित्य ई-२० ला टिकणारे हवे आणि एप्रिल २०२५ पासून इंजिनाची जुळणीही ई-२० साठी झालेली हवी. म्हणजे २०१५ किंवा २०१८ ची गाडी वापरणारा मालक या वेळापत्रकाच्या बाहेर राहिला. त्याची गाडी ई-१० धरून बनली, पंपावर मात्र ई-२० आहे.

मायलेजचा प्रश्न निव्वळ रसायनशास्त्राचा आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एक लिटर इथेनॉलमध्ये २१ च्या आसपास. या हिशेबाने शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-२० मध्ये सुमारे सात टक्के ऊर्जा कमी भरते. पण २०२२ पासून बहुतेकांच्या टाकीत ई-१० जातच होते. ई-१० वरून ई-२० वर येताना होणारी घट साडेतीन टक्क्यांच्या जवळपास निघते. नीती आयोगाच्या आराखड्यातही ई-० साठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींची कार्यक्षमता ई-२० वर सहा ते सात टक्क्यांनी आणि दुचाकींची तीन ते चार टक्क्यांनी घटेल, असे नमूद होते. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये हा आकडा नव्या जुळणीच्या चारचाकींसाठी एक ते दोन आणि इतरांसाठी तीन ते सहा टक्के सांगितला.

समाजमाध्यमांवर १५ किंवा २० टक्के घट सांगणारे व्हिडीओ फिरतात. ऊर्जेच्या गणितातून तेवढी घट निघत नाही. एवढी घट खरोखर होत असेल तर टायरमधील हवा, एअर फिल्टर, खराब ऑक्सिजन सेन्सर किंवा अडकणारा ब्रेक यांपैकी काहीतरी तपासायला हवे. नेमक्या अशा वेळी बाटली विकत घेतली जाते आणि खरा बिघाड तसाच राहतो.

बाटलीत असते काय?

ॲडिटिव्ह हा एकच पदार्थ नाही. बाजारातल्या बाटल्यांत तीन-चार वेगळ्या जातीची रसायने असतात आणि त्यांची कामे वेगळी आहेत. सर्वांत उपयोगाची जात म्हणजे डिटर्जंट. पेट्रोल गरम धातूच्या संपर्कात आले की त्याचा चिकट थर साचतो. तो इंजेक्टरच्या सूक्ष्म छिद्रांत आणि इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर बसतो. डिटर्जंटच्या रेणूचे एक टोक धातूला किंवा काजळीला चिकटते, दुसरे लांब शेपूट पेट्रोलमध्ये विरघळते. कपड्यावरच्या मळाशी साबण जे करतो तेच इथे होते. पॉलिइथर-अमाइन म्हणजे ‘पीईए’ आणि पॉलिआयसोब्युटिलिन-अमाइन म्हणजे ‘पीआयबीए’ ही त्यातली दोन प्रमुख रसायने. पीईए उष्णतेला अधिक टिकते, म्हणून ज्वलनकक्षापर्यंत काम करते. पीआयबीए व्हॉल्व्ह चांगले राखते, पण ज्वलनकक्षात स्वतःच थोडा थर सोडू शकते. बाटलीवर घटक छापलेले असतील तर ‘पीईए’ शोधावे, असे जाणकार सांगतात ते याच कारणाने.

हे रसायन खोटे नाही. अमेरिकेत १९९५ पासून सर्व पेट्रोलमध्ये किमान प्रमाणात डिटर्जंट घालणे सक्तीचे आहे. ते किमान प्रमाण अपुरे पडते म्हणून २००४ मध्ये काही वाहन कंपन्यांनी एकत्र येऊन ‘टॉप टियर’ हा अधिक कडक दर्जा ठरवला. ‘ट्रिपल ए’ या तेथील वाहनचालकांच्या संघटनेने २०१६ मध्ये तुलना करून पाहिली. चार हजार मैल, म्हणजे सुमारे ६४०० किलोमीटर धावण्याइतक्या चाचणीनंतर साध्या पेट्रोलवर चाललेल्या इंजिनाच्या व्हॉल्व्हवर सरासरी १९ पट अधिक थर साचला होता. अशा थरामुळे दीर्घकाळात मायलेज दोन ते चार टक्क्यांनी घटू शकते, असेही तिने म्हटले.

यात एक मेख आहे. हा फायदा थर साचलेल्या इंजिनाला होतो. स्वच्छ इंजिनात डिटर्जंट ओतला तर साफ करायला काही नसते. दुसरे, तो इंधनात सतत अत्यल्प प्रमाणात असणे महत्त्वाचे, वर्षातून एकदा ओतलेली बाटली त्याची जागा पूर्णपणे घेत नाही. तिसरे, आता अनेक नव्या टर्बो गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. तिथे ते इनटेक व्हॉल्व्हला शिवतच नाही. त्यामुळे ‘व्हॉल्व्ह चकाचक’ हा दावा अशा गाडीला लागूच होत नाही. तिथे इंजेक्टरचे टोक साफ राहिले तर तेवढाच लाभ.

भारतातही डिटर्जंट मिसळलेले पेट्रोल नवे नाही. इंडियन ऑइलचे ‘एक्सपी ९५’, भारत पेट्रोलियमचे ‘स्पीड’, हिंदुस्तान पेट्रोलियमचे ‘पॉवर’ या ब्रँडेड इंधनांत कंपन्या स्वतः ॲडिटिव्ह घालतात. तिथे प्रमाण कारखान्याच्या मापाने ठरते, पंपावरच्या मुलाच्या अंदाजाने नाही.

ऑक्टेन बूस्टर आणि ‘पाणीशोषक’

दुसरी जात ऑक्टेन बूस्टरची. ऑक्टेन म्हणजे इंधनाची ताकद, असा सार्वत्रिक गैरसमज आहे. प्रत्यक्षात ऑक्टेन म्हणजे दाबाखाली, ठिणगी पडण्याआधीच पेटून न उठण्याची क्षमता. ज्या इंजिनाचे कॉम्प्रेशन जास्त आहे किंवा ज्याचा संगणक ठिणगीची वेळ पुढे नेऊ शकतो, त्यालाच जादा ऑक्टेनचा लाभ होतो. साध्या ९१ ऑक्टेनसाठी बनलेल्या इंजिनात १०० ऑक्टेनचे पेट्रोल घातले तरी ताकद वाढत नाही. लिटरमागे दीडपट पैसे मात्र जातात.

इथेच ई-२० च्या चर्चेतला विरोधाभास दिसतो. इथेनॉलचे स्वतःचे ऑक्टेन १०८ च्या घरात आहे आणि त्यामुळे ई-२० चे ऑक्टेन ९५ पर्यंत जाते. बीएस-सहा मानकातील साध्या पेट्रोलचे किमान ऑक्टेन ९१ होते. म्हणजे ई-२० मध्ये जे आधीच वाढलेले आहे, तेच पुन्हा वाढवण्यासाठी बाटली विकली जाते. आणि जे घटले आहे, म्हणजे ऊर्जा, त्यावर तिच्यात काहीच नसते. त्यातही ‘३० पॉइंट वाढ’ असे लिहिलेले असेल तर या व्यवसायाच्या भाषेत दहा पॉइंट म्हणजे एक ऑक्टेन. ३० पॉइंट म्हणजे ९१ चे १२१ नव्हे, ९४. बूस्टरमध्ये मँगनीज किंवा लोहाची संयुगे असतील तर स्पार्क प्लगवर लालसर थर बसतो आणि प्लग मिसफायर करू लागतो, तो भाग वेगळाच.

तिसरी जात पाणी ‘सुकवणाऱ्या’ बाटल्यांची. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, हे खरे. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. यावर उपाय म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांत बहुधा आयसोप्रोपिल अल्कोहोल असते. म्हणजे आठ लिटर अल्कोहोल आधीच असलेल्या ४० लिटरच्या टाकीत शे-दोनशे मिलिलिटर अल्कोहोल आणखी घालायचे. थर एकदा वेगळे झाले की टाकी रिकामी करून धुणे हाच मार्ग. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात महिना-दोन महिने उभ्या राहणाऱ्या दुचाकींना हा धोका अधिक. टाकी जवळपास भरून ठेवली आणि झाकणाचे रबर नीट असले तर तो बराच कमी होतो. त्याला पैसे पडत नाहीत.

टू-टी ऑइलचा मोह

सध्याचा सर्वांत चिवट घरगुती उपाय म्हणजे पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल घालणे. त्यामागचा तर्क वरकरणी पटणारा आहे : इथेनॉल ‘कोरडे’ आहे, ते इंजिन सुकवते, म्हणून वंगण द्या. महाराष्ट्रातल्या एका पिढीच्या हाताला ही सवय आहेच. आकुर्डीत बनणारी बजाजची चेतक, प्रिया, कायनेटिकची लूना या गाड्या पंपावर आल्या की पेट्रोलबरोबर हिरवट किंवा निळसर ऑइलचे माप ओतले जाई. लिटरला २० मिलिलिटरचे प्रमाण अनेकांना अजून पाठ असेल.

पण ती इंजिने टू-स्ट्रोक होती. त्यांच्यात ऑइलचा वेगळा साठाच नसे. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण क्रँककेसमधून जाई आणि त्यातल्या ऑइलनेच बेअरिंग, पिस्टन, सिलिंडर ओले राहत. ऑइल घातले नाही तर इंजिन जाम. घातलेले ऑइल जळून निळा धूर बाहेर पडे, ही त्या रचनेची किंमत होती. दिल्लीत १९९८ च्या अखेरीस सुट्या टू-टी ऑइलच्या विक्रीवर बंदी घालून मोजून मिसळलेले पेट्रोल देणे सक्तीचे केले गेले, ते याच धुरामुळे. ‘थोडे जास्त घातले तर इंजिनाला बरे’ या समजुतीने रिक्षा-स्कूटरचालक हात सैल सोडत असत.

आजच्या फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइल तळच्या संपमध्ये असते आणि पंप ते सगळीकडे पोहोचवतो. सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ पडदा पिस्टनच्या रिंगा राखतात. पेट्रोलमधून येणाऱ्या वंगणाची त्याला गरज नाही. टाकीतला इंधन पंप पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि त्या पेट्रोलनेच थंड राहतो; तो बनवताना हे गृहीत धरलेले असते.

गरज नाही, एवढ्यावर भागले असते तर प्रश्न नव्हता. नुकसानीची यादी लांब आहे. ऑइलचे लांब साखळीचे हायड्रोकार्बन दाबाखाली सहज पेटतात, म्हणजे मिश्रणाचे ऑक्टेन खाली येते. ई-२० ने दिलेला एकमेव फायदा त्यामुळे कमी होतो. जळलेल्या ऑइलची राख स्पार्क प्लगवर आणि ऑक्सिजन सेन्सरवर बसते. सेन्सर चुकीचे वाचन देऊ लागला की इंजिनाचा संगणक इंधनाचे प्रमाण चुकवतो आणि ज्या मायलेजसाठी हा खटाटोप केला तेच घसरते. पुढे ही राख कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या जाळीवर थर धरते. प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असे मौल्यवान धातू असलेला हा भाग बदलायचा म्हणजे जुन्या गाडीत अनेकदा गाडीच्या उरल्या किमतीशी तुलना करावी लागते.

टर्बो पेट्रोल गाड्यांना याहून मोठा धोका आहे. या लहान, थेट फवारणीच्या इंजिनांत कमी वेगावर आणि जास्त भारावर कधी कधी ठिणगीआधीच स्फोट होतो. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला ‘एलएसपीआय’ म्हणतात. ज्वलनकक्षात शिरलेले ऑइलचे थेंब आणि ऑइलमधील कॅल्शियमयुक्त डिटर्जंट हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. एका फटक्यात पिस्टनचा कडा तुटू शकतो. त्यासाठीच इंजिन ऑइलची मानके बदलून कॅल्शियम घटवले गेले. अशा गाडीच्या टाकीत हाताने ऑइल ओतणे म्हणजे अभियंत्यांनी जे बाहेर काढले तेच पुन्हा आत घालणे.

मग व्हिडीओतल्या माणसाला इंजिन ‘स्मूद’ का वाटते? काही अंशी ऑइलमुळे ज्वलनाचा आवाज किंचित बदलतो. बराचसा भाग मनाचा. पैसे खर्च करून काही केले की माणूस पाय हलका ठेवतो, गिअर वेळेवर बदलतो, टायरची हवाही तपासून घेतो. टाकी काठोकाठ भरून पुन्हा काठोकाठ भरण्याच्या पद्धतीत नोझल केव्हा बंद पडले यावरच एखाद-दुसऱ्या लिटरचा फरक पडू शकतो. ४० लिटरवर तो चार-पाच टक्के होतो. तीन-चार टक्क्यांचा परिणाम एका टाकीवरून पकडता येत नाही. त्यासाठी चॅसिस डायनॅमोमीटरवर, ठरावीक तापमानात, ठरावीक वेगचक्रावर पुन्हा पुन्हा चाचणी लागते.

रुपयांत हिशेब

समजा, ४० लिटरची टाकी १०४ रुपये दराने भरली. खर्च ४१६० रुपये. त्यावर ५०० रुपयांची बाटली ओतली. हे ५०० रुपये वसूल व्हायचे तर मायलेज १२ टक्क्यांनी वाढायला हवे. ई-२० मुळे झालेली घटच मुळी साडेतीन ते सहा-सात टक्के आहे. म्हणजे बाटलीने ती पूर्ण भरून काढली, वर तेवढीच वाढ आणखी दिली, तर कुठे बरोबरी. तिकडे बाटलीचे आकारमान १०० मिलिलिटर असेल तर ती टाकीतल्या इंधनाच्या पाव टक्का भरते. ती निखळ ऊर्जेची असती तरी भर पाव टक्क्याच्या आसपासच पडली असती. इंधनातली ऊर्जा बाटलीने वाढत नाही. साचलेला अडथळा दूर झाला तर गमावलेले थोडे परत मिळते, एवढेच तिचे क्षेत्र.

चमत्काराच्या दाव्यांना दंड

वाहनचालकाच्या या आशेवर जगभर धंदे उभे राहिले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभरहून अधिक उपकरणे आणि ॲडिटिव्ह तपासली. मायलेज लक्षणीय वाढवणारे काही त्यांत सापडले नाही. तेथील व्यापार आयोगाने ऑइलमध्ये घालायच्या द्रव्याच्या जाहिरातींसाठी ‘एसटीपी’ कंपनीकडून १९७८ मध्ये पाच लाख डॉलरचा दंड वसूल केला. इंजिनाची झीज थांबवण्याचा दावा करणाऱ्या ‘स्लिक ५०’ वरही त्याने कारवाई केली आणि १९९७ मध्ये तडजोड झाली. अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांच्या इंधनात घालायच्या ॲडिटिव्हची या पर्यावरण संस्थेकडे नोंदणी लागते. भारतात विकल्या जाणाऱ्या काही आयात बाटल्यांवर ती नोंद मोठ्या अक्षरांत मिरवली जाते. नोंदणी म्हणजे घटक कळवले एवढेच, उपयोगाचे प्रमाणपत्र नव्हे.

आपल्याकडचा मामला अधिक रंगतदार होता. तमिळनाडूतील रामर पिल्लै यांनी १९९६ मध्ये वनौषधींपासून पेट्रोल बनवल्याचा दावा केला, तेव्हा त्याची दखल थेट सरकारी पातळीवर घेतली गेली. पुढे सीबीआयच्या तपासात ते ‘हर्बल’ इंधन म्हणजे पेट्रोलियमजन्य रसायनांचे मिश्रण असल्याचे पुढे आले आणि २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली.

खऱ्या अर्थाने यशस्वी ठरलेले ॲडिटिव्ह सांगायचे तर टेट्राइथिल लेड, म्हणजे शिशाचे संयुग. थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये ते शोधले, इंजिनाची धडधड खरोखर थांबली आणि पुढची अनेक दशके जगभरच्या मुलांच्या रक्तात शिसे जात राहिले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. जगातल्या शेवटच्या देशात, अल्जेरियात, २०२१ मध्ये. शिशाची जागा घेणाऱ्या ‘एमटीबीई’ ने अमेरिकेत भूजल दूषित केले आणि तिथे इथेनॉलला वाट मिळाली. आज ज्याच्यावर उतारा शोधला जात आहे ते इथेनॉल स्वतःच ऑक्टेन वाढवणारे ॲडिटिव्ह म्हणून पेट्रोलमध्ये आले, हे यानिमित्ताने आठवायला हरकत नाही.

महाराष्ट्रात ‘बाटली’च्या लोकप्रियतेला आणखी एक पदर आहे, भेसळीच्या भीतीचा. केरोसीन मिसळलेल्या पेट्रोल-डिझेलने इंजिने खराब झाल्याचा अनुभव लोकांनी वर्षानुवर्षे घेतला. मनमाडजवळ जानेवारी २०११ मध्ये मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळले, ते ही भेसळ पकडायला गेले असताना. पंपावरच्या इंधनावर विश्वास नसला की त्यावर औषध घेण्याची वृत्ती बळावते. मात्र भेसळीवर डिटर्जंट हा इलाज नाही. केरोसीन डिटर्जंटने जात नाही. पंपावर फिल्टर पेपरची चाचणी आणि घनतेची नोंद मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे.

डिझेलचे काय?

डिझेलमध्ये गोष्ट थोडी वेगळी. गंधक काढून टाकताना डिझेलचा नैसर्गिक वंगणगुण घटतो आणि उच्च दाबाच्या पंपाला तो लागतो. म्हणून बीएस-सहा डिझेलमध्ये, गंधक १० पीपीएमवर आणल्यानंतर, वंगणगुणाचे मानक पाळण्यासाठी तेल कंपन्या स्वतःच ॲडिटिव्ह घालतात. वरून टू-टी ऑइल ओतले तर त्याची राख डीपीएफ या काजळी अडवणाऱ्या गाळणीत कायमची अडकते. काजळी जाळून काढता येते, राख नाही.

मग जुन्या गाडीने करायचे काय?

इथेनॉल हे चांगले द्रावक आहे. जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ ते सोडवते आणि तो इंधन फिल्टरमध्ये जाऊन बसतो. ई-२० सुरू झाल्यावर काही महिन्यांत गाडी अडखळू लागल्याच्या तक्रारींचे हे एक साधे स्पष्टीकरण असू शकते. फिल्टर बदलणे हा त्यावरचा उपाय बाटलीपेक्षा स्वस्त पडतो. दुसरी जागा रबराची. नायट्राइलच्या जुन्या नळ्या, कॉर्कचे गॅस्केट, कार्बोरेटरमधील ओ-रिंग इथेनॉलने फुगतात किंवा कडक होतात. कुठलेही ॲडिटिव्ह रबराची जात बदलत नाही. त्या जागी फ्लुरोइलॅस्टोमरचे, म्हणजे बाजारात ‘व्हिटॉन’ नावाने ओळखले जाणारे भाग बसवावे लागतात. बीएस-तीन काळातल्या दुचाकींत हा खर्च फार मोठा नाही. चारचाकीत नळ्या, सील, पंप धरून तो वाढतो. गंजाबाबत, त्याला रोखणाऱ्या द्रव्यांची मानके भारतीय मानक ब्युरोच्या तपशिलांत आधीच ठरलेली आहेत, असे मंत्रालयाचे म्हणणे आहे.

बाटलीला खरी जागा दोन ठिकाणी उरते. पहिली, ४०-५० हजार किलोमीटर धावलेली, बहुतेक शहरात रखडत चालणारी, पोर्ट इंजेक्शनची पेट्रोल गाडी, जिच्या इंजेक्टरवर थर असण्याची शक्यता आहे. तिला पीईए असलेला क्लीनर पाच-दहा हजार किलोमीटरला एकदा देता येतो, पण ऑइल बदलण्याच्या थोडे आधी, कारण सुटलेली घाण आणि क्लीनर थोडा ऑइलमध्येही उतरतो. दुसरी, महिनोन् महिने उभी राहणारी गाडी. परदेशी असलेल्या मुलाची कार किंवा गावच्या घरातली दुचाकी. तिच्यासाठी स्टॅबिलायझर उपयोगी पडतो. मात्र तो ताज्या पेट्रोलमध्ये, गाडी उभी करण्यापूर्वी घालून दहा मिनिटे इंजिन चालवावे लागते. शिळ्या पेट्रोलला तो ताजे करत नाही.

या दोन्हींआधी गाडीसोबत मिळालेली मालक पुस्तिका उघडावी. अनेक कंपन्या बाहेरचे ॲडिटिव्ह वापरू नका किंवा आम्ही मान्य केलेलेच वापरा, असे त्यात सांगतात. वॉरंटीतल्या गाडीत बिघाड झाल्यावर ही ओळ आठवली जाते. आणि पंपावर किंवा सर्व्हिसिंगच्या बिलात बाटली न विचारता लावली गेली असेल तर ती काढून टाकायला सांगता येते. दावे खोटे निघाले तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते.

पंपावर पर्याय का नाही?

बाटलीचा बाजार ज्या पोकळीत वाढतो ती पोकळी धोरणाची आहे. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये साध्या पेट्रोलमध्ये इथेनॉल १० टक्क्यांवर नेले, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी पाच टक्क्यांचे पेट्रोल महागड्या श्रेणीत का होईना, शिल्लक ठेवले. ब्राझीलमध्ये १ ऑगस्ट २०२५ पासून पेट्रोलमध्ये ३० टक्के इथेनॉल आहे, पण तिथे २००३ पासून फ्लेक्स-फ्युएल गाड्या विकल्या जातात आणि शेजारच्याच नळावर निव्वळ इथेनॉल मिळते. तिथला चालक साधा हिशेब करतो : इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तर इथेनॉल, नाहीतर पेट्रोल. कमी ऊर्जेची भरपाई कमी दरातून होते.

भारतात ही भरपाई झालेली नाही. ऊर्जा कमी भरत असल्याने ई-१० आणि ई-२० वर करसवलतीचा विचार व्हावा, असे नीती आयोगाच्याच आराखड्यात सुचवले होते. दरम्यान इथेनॉलचा खरेदी दर वाढला. ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रालयाने तो वाहतूक आणि जीएसटीसह लिटरला सरासरी सुमारे ७१ रुपये असल्याचे आणि पेट्रोलपेक्षा इथेनॉल आता महाग पडत असल्याचे सांगितले. ऊस आणि मका उत्पादकांना मिळणारा पैसा, वाचलेले परकीय चलन, घटलेले कर्ब उत्सर्जन ही सरकारची बाजू आहे आणि महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांसाठी ती क्षुल्लक नाही. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय आणि पंपावर मिश्रणाचा स्पष्ट उल्लेख मागणारी जनहित याचिका १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. सध्याच्या आराखड्यानुसार ई-२० ची बांधिलकी ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे आणि त्यापुढच्या मिश्रणाचा निर्णय व्हायचा आहे.